दुसऱ्या भागातली सासू

आमच्या लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये पंधरवड्यातून एकदा कादंबरी कट्टा भरतो. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, असं खालच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो कधी भरेल हे नळावर अवलंबून. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या शनिवारी ते येतं त्या शनिवारी निम्मा कट्टा घरी पिंप, बादल्या आणि कळशा भरत असतो. मग ग्रंथपाल बाई फळ्यावरचा शनिवार पुसून तिथं रविवार लिहितात. साहित्यानं पाण्यापुढे नमतं घ्यावं यात आमच्यापैकी कुणालाच काही वावगं वाटत नाही.

कट्ट्याचा नियम एकच. ज्यानं या पंधरवड्यात कादंबरी नेली असेल, त्यानं तिच्याबद्दल मत दिल्याशिवाय खाली उतरायचं नाही. कादंबरी वाचलेली असली पाहिजे असा नियम मात्र नाही. तो कुणाला सुचला नाही, आणि सुचला असता तर कट्टा त्याच दिवशी बंद पडला असता.

अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते कादंबरीचं मलपृष्ठ वाचतात आणि मग डोळे मिटून सांगतात की लेखकानं मानवी मनाचा तळ गाठला आहे. एकदा चुकून त्यांच्या हातात मधुमेहावरचं पुस्तक आलं होतं, त्यातही त्यांना तो तळ सापडला. दुसरे एक निवृत्त स्टेशनमास्तर. ते मात्र प्रत्येक ओळ वाचतात, पण फक्त गाड्यांसाठी. नायिका विहिरीत उडी मारो नाहीतर परदेशी जावो, ती कुठल्या गाडीनं आली आणि त्या काळात ती गाडी तिथं थांबत होती का, एवढाच त्यांचा प्रश्न. मी मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे मी पात्रांना गुण देते. नायकाला शंभरपैकी पस्तीसच्या वर मी आजवर दिलेले नाहीत. तेव्हा हसायचं तर मलाही हसा, माझी ना नाही.

आमच्या लायब्ररीची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. मोठ्या कादंबरीचे दोन्ही भाग एकाच वेळी कपाटात असलेले इथं कुणी पाहिलेले नाहीत. जो भाग हाती लागेल तो न्यायचा. दुसरा आधी मिळाला तर दुसरा आधी वाचायचा, पहिला पुढच्या वर्षी. त्यात आमचा बाइंडर जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं काढून टाकतो, सगळ्यांना एकच तपकिरी कापड चढवतो आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहितो. भागाचा आकडा त्याला जागा उरली तर लिहितो. बहुधा उरत नाही.

अशीच एक तपकिरी कादंबरी मी काही वर्षांपूर्वी नेली होती. तिच्यातली सासू सुनेला असं छळते की वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. फडताळाला कुलूप, किल्ली कमरेला. मोजून दिलेली भाकरी सुनेनं खायची, आजारी पडायचं नाही, माहेरचं नाव काढायचं नाही. शेवटच्या पानावर सून त्या कमरेची किल्ली काढून घेते आणि कादंबरी तिथंच संपते. मी कट्ट्यावर त्या शेवटाची तोंड भरून स्तुती केली. पुढं काय झालं हे न सांगण्याचं धाडस लेखकानं दाखवलं आहे, असं म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. प्राध्यापकांनी त्या धाडसाखाली तळ शोधला आणि टाळ्या पडल्या. तो नुसता पहिला भाग होता, हे ना मला ठाऊक होतं ना त्यांना.

आता त्या घोळाकडे वळते. गेल्या वर्षी माझ्या लेकीला एक स्थळ सांगून आलं. लेक एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, एकुलती एक आहे, आणि तिचे वडील जाऊन आता काही वर्षं झाली. मुलाचं घराणं मूळ कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीचं, राहायला इथं शहरातच, खताबियाणांचं दुकान. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी माझी लेक त्याला भेटून आली आणि म्हणाली, "बरा आहे." तिच्या तोंडी हे म्हणजे माझ्या वहीत नव्वद गुण. पुढं पुढं ती फोनवर हसायला लागली, लॅबमधून आल्यावर चहा न मागता गॅलरीत जाऊन बोलायला लागली. मला सगळं कळत होतं आणि बरंही वाटत होतं.

राहिली होती ती सासू. मी सासू या गोष्टीला घाबरते. माझ्या सासूबाई कादंबरी वाचणाऱ्या बाईच्या हाताला चव राहत नाही असं म्हणायच्या आणि माझ्या हातात पुस्तक दिसलं की भाजीत मीठ आहे का हे चाखायला मुद्दाम स्वयंपाकघरात यायच्या. मी लायब्ररीची पुस्तकं शेंगांच्या पोत्यामागं ठेवायची. त्या वेळी आमचे हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत असायचे. ते वाईट नव्हते. फक्त वर्तमानपत्र खाली ठेवत नव्हते.

तर लेकीच्या सासूची चौकशी करायची ठरवली. नात्यातल्या चार ठिकाणी फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, "लई चांगली बाई हाय." माझ्या सासूबाईंबद्दलही लोक हेच सांगायचे. लोकांच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. आणि अशातच ग्रंथपाल बाईंकडून कळलं की मुलाच्या आईनं नुकतंच आमच्याच लायब्ररीत नाव घातलं आहे आणि त्या पुढच्या कट्ट्याला येणार आहेत.

मला आनंदाचं भरतं आलं. माणूस स्वतःबद्दल बोलताना खोटं बोलतं, कादंबरीबद्दल बोलताना खरं बोलतं, असा माझा सिद्धान्त होता. अजूनही आहे, फक्त आता मी तो कुणाला ऐकवत नाही. मी ग्रंथपाल बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "त्या नव्या बाईंना ती सासू-सुनेची तपकिरी कादंबरी द्या. फार सुंदर आहे." माझा डाव सोपा होता. ती छळणाऱ्या सासूला शिव्या देईल तर लग्न पक्कं. बाजू घेईल तर माझी लेक त्या घरात जायची नाही. आयुष्यभर मुलींच्या परीक्षा घेतल्या, आता एका विहिणीची घ्यायची होती.

कपाटात त्या दिवशी होता दुसरा भाग. पहिला स्टेशनमास्तरांकडे होता, कारण त्यांना त्यातल्या एका गाडीची खात्री करायची होती.

कट्ट्याला मुलाची आई आली. ठेंगणी, कपाळावर विभूती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मैंदर्गीकडच्या बायका बोलतात तसं मराठी, त्यातला निम्मा ठेका कानडी. त्यांना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. त्यांनी मला पहिल्यापासून टीचर म्हटलं. मी एवढीच ओळख दिली की मी मुलीची आई आणि कट्ट्याची जुनी सभासद. त्याही मला निरखून बघत होत्या. परीक्षा फक्त मीच घेत नव्हते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्यांची पाळी आल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि पुस्तक छातीशी धरून म्हणाल्या, "पुस्तक लई चांगलं हाय. सुरवातीची पानं फाटून गेल्यात, पण लायब्ररीचं पुस्तक म्हटल्यावर ते चालायचंच की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरवातीची पानं शाबूत असलेलं पुस्तक आमच्याकडे नवीन खरेदीतच मिळतं.

"पण ती म्हातारी सासू," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला, "किती सोसलं वो तिनं. मला दोन दिस जेवण ग्वाड लागलं न्हाय. आन् ती सून? तिला काळीज हाय का दगड हाय?"

मी कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. फडताळाला कुलूप लावणारी ती कैदाशीण, आणि ही बाई तिच्यासाठी रडते! माझ्या डोळ्यांसमोर माझी लेक मोजलेली भाकरी खाताना दिसायला लागली. पाळी माझी नव्हती, तरी मी उभी राहिले.

"सोसलं? तिनं?" मी म्हटलं. शाळेतला आवाज लागला होता. "अक्का, असल्या बाईच्या तोंडात कुणी पाण्याचा थेंब घालू नये. सुनेनं केलं ते अगदी योग्य केलं."

अक्कांचा चेहरा उतरला. "टीचर, तुमी हे खरंच म्हणताय व्हय?"

"अगदी खरं. आणि माझ्या मुलीलाही मी हेच शिकवलंय."

पहिल्या भागात सून कमरेची किल्ली काढून घेते. मी त्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या भागात, हे मला नंतर कळलं, सासूचं अर्धं अंग लुळं पडतं आणि सून पाण्याचा तांब्या मुद्दाम तिचा हात पोचणार नाही असा ठेवून शेजारी गप्पा मारायला जाते. अक्का त्याबद्दल बोलत होत्या. मग प्राध्यापकांनी डोळे मिटले. "दोन वाचनं," ते म्हणाले, "पण तळ एकच. मानवी मनाचा." टाळ्या पडल्या. चहा आणि चिवडा आला. अक्का चहा न घेता खाली उतरून गेल्या.

मी मात्र घरी येताना खुशीत होते. संकट वेळेवर ओळखलं, असं मला वाटत होतं. लेक गॅलरीत फोन कानाला लावून उभी होती. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"त्याच्या घरातून नको म्हणतायत," ती म्हणाली. "तू आज काय बोललीस तिथं?"

मी सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, जी बाई जन्मालाच आली नाही तिच्यासाठी तू माझं लग्न मोडलंस."

"ती जन्माला आली नसेल, पण तुझी सासू तिच्यासाठी रडत होती."

"मग रडू दे ना! माणूस रडतंय म्हणून कुणी स्थळ मोडतं का?"

ती जेवली नाही. पुढचे काही दिवस घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाण्याच्या दिवशी आम्ही दोघी मिळून पिंप भरायचो, एकमेकींची चेष्टा करायचो, तो दिवसही मुक्यानं गेला. गॅलरीत आता ती नुसतीच जाऊन उभी राहायची. मी बरोबर आहे हे मला शंभर टक्के पटलेलं होतं, आणि तरी तिची पाठ दिसली की गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरायची. पोर पहिल्यांदाच कुणासाठी हसायला लागली होती.

एका संध्याकाळी ती लॅबमधून आली आणि तिनं ते तपकिरी पुस्तक माझ्यासमोर आपटलं. त्या मुलाकडून मागून आणलं होतं. ज्या पुस्तकानं लग्न मोडलं ते एकदा वाचू तरी, असं तिला वाटलं असणार.

"यात सासू फडताळाला कुलूप कुठं लावते?" तिनं विचारलं.

"पहिल्याच प्रकरणात."

"पहिल्या प्रकरणात ती अंथरुणावर पडलेली आहे."

"नीट वाच."

"मी नीटच वाचलंय. पहिल्या पानावर आकडा किती आहे तो वाच, गणिताच्या बाई."

मी चष्मा लावला. पहिल्या पानावर चारशे तेरा असा आकडा होता. त्याच्या आधी काहीच फाटलेलं नव्हतं. शिवण अगदी नवी, घट्ट होती. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासली आणि प्रश्नच निम्मा वाचला होता.

ते पुस्तक मी त्याच रात्री धरलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवलं. त्या म्हातारीसाठी मी रडले. ती तांब्याच्या काठाकडे बघत पडून राहते ते पान मला दोनदा बाजूला ठेवावं लागलं. मला स्वतःचाच राग येत होता, कारण हिच्याच किल्लीवर मी एवढं भाषण ठोकलं होतं, आणि आता हिच्यासाठी नाक पुसत होते. लेक समोर बसून बघत होती. मग उठून तिनं चहा करून आणला. घरात त्या आठवड्यातला तो पहिला चहा होता जो माझ्यासाठी कुणी केला.

मग अक्कांसाठी पहिला भाग शोधणं आलं. स्टेशनमास्तरांच्या घरी गेले. त्यांनी तो द्यायला आधी खळखळ केली, कारण त्यांचं मत अजून कट्ट्यावर मांडून झालं नव्हतं. मत असं होतं की कादंबरी ठीक आहे, पण ती गाडी त्या काळात मोडनिंबला थांबायची नाही, त्यामुळे सून माहेरी पोचूच शकत नाही आणि म्हणून पुढचं सगळं खोटं आहे. मी त्यांना म्हटलं, "तुमचं हे मत आधी सांगितलं असतंत तर माझे फार कष्ट वाचले असते." ते खूश झाले. पुस्तक मिळालं. लेकीनं ते त्या मुलाच्या हाती दिलं आणि त्यानं आईच्या हाती.

काही दिवस काहीच कळलं नाही. मी फोन हातात घेऊन बसायची आणि कुणाला कळायला नको म्हणून हवामान बघितल्यासारखं करायची. मग एका दुपारी अक्कांचाच फोन आला. "वाचलं टीचर. तुमी दोघी या की घरी."

आम्ही गेलो. दार मुलानंच उघडलं. दिवाणावर बसलो. समोरच्या टेबलावर पहिला भाग होता, मध्ये एक जुनी लग्नपत्रिका खूण म्हणून घातलेली. अक्का आमच्यासमोर खुर्चीवर टेकल्या आणि लगेच विषयालाच हात घातला.

"माझी सासू अशीच हुती, टीचर. कुलूप, किल्ली, समदं तसंच. मैंदर्गीच्या आमच्या घरातलं ह्या लेखकाला कुणी सांगितलं आसंल, आसं वाटायला लागलं मला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते मी भोगून बसलीय. त्याची आता भीती न्हाय. मला भीती पुढची हाय. हातपाय गेल्यावर काय? म्हणून तर त्या म्हातारीसाठी एवढं रडू आलं. आन् तितं तुमी म्हटला, पाणी देऊ नये. लेकीला बी तेच शिकवलंय."

मी खजील झाले आणि मला भरूनही आलं. "अक्का, मी दुसरा भाग वाचलाच नव्हता," मी म्हटलं. "माझी सगळी भीती पहिल्याच भागातली."

"मला बी कुटं ठाऊक हुतं पहिला हाय म्हणून? मला वाटलं पानं फाटल्यात." त्या हसल्या, मग मीही. आणि हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्या लेकीकडे बघून सरळ विचारलं, "मी पडून राहिले तर मला पाणी देशील न्हवं?"

लेक गोंधळली. हो म्हणावं तर ते परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर घरी ती स्वतःच मला "आई, पाणी" म्हणून हाक मारते. मी तिच्या मदतीला जाणार तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी वर्षं कट्ट्यावर कुणालाच सुचली नव्हती.

"अक्का," मी विचारलं, "त्या म्हातारीचा मुलगा कुठं होता हो?"

अक्का विचारात पडल्या. "माझ्या भागात तर तो बदलीच्या गावाला हुता. अधनंमधनं पत्र येतंय त्याचं."

"पहिल्या भागात तो ओसरीवर बसलेला आहे," मी म्हटलं. "वर्तमानपत्र वाचत." लेकीनं माझ्याकडे बघितलं. आमच्या ओसरीवरचं वर्तमानपत्र तिनंही लहानपणी पाहिलेलं होतं.

अक्कांनी मान वळवून आपल्या मुलाकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात मोबाइल. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

"आरं," त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांना पाणी आण की."

तो दचकला, मोबाइल खिशात घालून आत गेला. आतून भांड्यांचा आवाज आला, एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. मग आवाज आला, "अव्वा, ग्लास कुटं असतात?"

माझी लेक सवयीनं उठायला लागली. अक्कांनी हात पुढं करून तिचा दंड धरला.

"तू बस गं," त्या म्हणाल्या. "घावतील त्याला."

ती बसली. आत आणखी एक कपाट उघडलं. आम्हा तिघींना तहान लागलेली होती, आणि आम्ही वाट बघत बसलो.